धूर आणि उकाडा एकत्र येतात तेव्हा: खिडकी कधी उघडायची, कधी लावायची

उकाड्यावरचा जुना उपाय म्हणजे रात्री खिडक्या सताड उघड्या टाकायच्या. धुरावरचा उपाय याच्या बरोब्बर उलटा, खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या. वणव्याच्या दिवसांत ही दोन्ही संकटं बहुतेक वेळा एकत्रच येतात, कारण ज्या कोरड्या, तापलेल्या हवेत जंगल पेटतं तीच हवा आपल्या घराच्या भिंतीही तापवत असते. मग माणूस खिडकीशी उभा राहतो आणि नेमकं काय करावं ते कळेनासं होतं. हा लेख त्या क्षणासाठी आहे. (आगच जवळ आली असेल आणि घर सोडायची सूचना मिळाली असेल, तर खिडकीचा विचार करायचा नाही. निघायचं.)

२०१० च्या जुलै-ऑगस्टमध्ये मॉस्कोत हेच झालं. शहराभोवतीची जंगलं आणि पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) दलदल पेटली, २९ जुलैला तापमान ३८.२ अंशांवर गेलं आणि कित्येक आठवडे धूर शहरावरून हलला नाही. त्या सहा आठवड्यांत एकट्या मॉस्कोत नेहमीपेक्षा सुमारे ११,००० माणसं जास्त दगावली. अभ्यासकांच्या हिशेबाप्रमाणे त्यांतले २,००० हून अधिक मृत्यू उष्णता आणि धूर यांच्या एकत्रित माऱ्यामुळे झाले. म्हणजे दोन्ही संकटं वेगवेगळी आली असती तर हे लोक कदाचित वाचले असते.

याचं कारण आपल्या हृदयाशी आहे. अंग थंड ठेवायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं, त्यामुळे हृदयाला जास्त जोरात काम करावं लागतं. दुसरीकडे धुरातले बारीक कण फुप्फुसात खोलवर जाऊन सूज आणतात, त्याचा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो आणि रक्त गोठण्याची शक्यता वाढते. दोन्ही ओझी एकाच हृदयावर पडतात. म्हणून एका संकटापासून वाचताना दुसऱ्याच्या तोंडी जायचं नाही, एवढं सांभाळावं लागतं.

आधी दोन आकडे हाताशी ठेवा

पहिला आकडा घरातल्या तापमानाचा. बाहेरच्या नाही, घरातल्या. साधा खोलीचा थर्मामीटर घ्या, आर्द्रता दाखवणारा असेल तर उत्तम, आणि जिथे झोपता तिथे पलंगाच्या उंचीवर, ऊन पडणार नाही असा ठेवा. बाहेर संध्याकाळी गारवा आला तरी तापलेल्या भिंती आणि छप्पर कित्येक तास आत उष्णता सोडत राहतात. हवामानाच्या बातमीतला आकडा तुमच्या खोलीचा नसतो.

दुसरा आकडा पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे कण किती बारीक ते लक्षात यावं. धुरातले बहुतांश कण तर एका मायक्रॉनहूनही लहान असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. दाट धुरात हा आकडा शेकड्यांत जातो.

इथे एक सूचना. शक्य असेल तेव्हा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, न बघता मायक्रोग्रॅमचा आकडा बघा. एक्यूआयचं गणित देशागणिक बदलतं. अमेरिकी पद्धतीत १०० हा एक्यूआय सुमारे ३५ मायक्रोग्रॅमला येतो, भारतीय पद्धतीत ६० ला. म्हणजे दोन ॲप एकाच हवेबद्दल वेगळं सांगू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. शिवाय काही आकडे चोवीस तासांची सरासरी दाखवतात. वारा फिरला की धूर तासाभरात दुप्पट होतो, त्या घाईत सरासरीचा उपयोग नाही. ताज्या तासाचा आकडा शोधा. घरगुती स्वस्त सेन्सर धुरात बरेचदा वाढीव आकडा दाखवतात, पण धूर वाढतोय की ओसरतोय हे त्यांवरून नीट कळतं आणि खिडकीच्या निर्णयाला तेवढं पुरतं.

काहीच उपकरण नसेल तर नजरेचा आधार घ्या. हवा कोरडी असताना, सूर्याकडे पाठ करून, अंतर माहीत असलेल्या खुणा बघा. आठ किलोमीटरवरची टेकडी किंवा इमारत दिसेनाशी झाली तर मुलं, वृद्ध, गरोदर बायका आणि दमा-हृदयविकाराच्या रुग्णांनी आत राहावं. दीड किलोमीटरवरचंही पुसट झालं तर सगळ्यांनीच. नाकावर मात्र भरवसा ठेवू नका, काही वेळाने नाकाला वासाची सवय होऊन जाते.

सगळं घर नको, एकच खोली

सबंध घर थंड आणि स्वच्छ ठेवायचा प्रयत्न केला तर बहुतेकदा दोन्ही गोष्टी अर्धवट होतात. त्यापेक्षा एक खोली निवडा. छपराच्या थेट खाली नसलेली, दुपारचं पश्चिमेचं ऊन न येणारी, खिडक्या कमी असलेली, जमलं तर न्हाणीघर लागून असलेली. सगळ्यांनी त्याच खोलीत झोपायचं. चार दिवसांची अडचण आहे, सोसेल.

तिथे पहिलं काम सावलीचं. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं आणि पडदाच तापतो. तेच कापड, चटई, बांबूचा पडदा किंवा पुठ्ठा काचेच्या बाहेरून लावला तर बरीचशी उष्णता बाहेरच अडते. बाहेरून लावणं शक्य नसेल तरच आतून, आणि तेव्हा पांढरी किंवा चमकदार बाजू काचेकडे ठेवा.

दुसरं काम फटी बुजवण्याचं. दाराखाली ओला टॉवेल गुंडाळून ठेवा, खिडकीच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावा. पण जिथे गॅस, स्टोव्ह, शेगडी असं काही जळतं ती खोली कधीही अशी बंद करू नका.

तिसरं काम हवा गाळण्याचं, आणि यावर कंजुषी करू नये असं माझं मत आहे. नुसती खिडकी लावून घेतल्याने काही तासांची उसंत मिळते. धूर फटींतून झिरपत राहतो आणि दिवसभरात आतली हवाही बिघडते. आत येणारा धूर सतत काढून टाकायला गाळणी लागते. हेपा फिल्टरचा (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर त्याचा सीएडीआर हा आकडा बघा, म्हणजे ते यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो. हिशेब सोपा आहे: खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि त्याला पाचाने गुणा. निदान तेवढे घनमीटर तासाला हवेत. दाट धुरासाठी साताने गुणलेलं बरं. चार मीटर बाय तीन मीटरच्या, अडीच मीटर उंचीच्या खोलीत तीस घनमीटर हवा असते, म्हणजे तिथे १५० ते २१० चा सीएडीआर लागतो. ओझोन सोडणारी किंवा 'आयन' सोडून हवा शुद्ध करतो म्हणणारी यंत्रं टाळा. ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो.

प्युरिफायर परवडत नसेल तर घरी बनवता येतो. २०२० मध्ये अमेरिकेतले अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड कॉर्सी आणि फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचे जिम रोझेन्थाल यांनी एक साधी रचना पुढे आणली आणि ती जगभर पसरली. मर्व्ह १३ दर्जाचे (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचं माप) चार चौकोनी फिल्टर एकमेकांना काटकोनात चिकटवून खोक्याच्या चार भिंती करायच्या. फिल्टरवरचे हवेची दिशा दाखवणारे बाण आतल्या बाजूला हवेत. खाली पुठ्ठ्याचा तळ, आणि वर वीस इंची चौकोनी बॉक्स फॅन, हवा वर फेकणारा. सगळे सांधे चिकटपट्टीने पक्के करायचे. फॅनच्या कोपऱ्यांवर पुठ्ठा लावून मधे पात्यांएवढा गोल मोकळा ठेवला तर हवा कोपऱ्यांतून मागे फिरत नाही आणि काम बरंच सुधारतं. फॅन चांगल्या स्थितीतला, सुरक्षा प्रमाणित असावा, आणि घरात कोणी नसताना किंवा सगळे झोपलेले असताना तो चालू ठेवू नये.

या खोलीत धूर तयार होईल असं काही करायचं नाही. मेणबत्ती, उदबत्ती, सिगारेट नको. स्वयंपाकघरात तळणं, करपवणं टाळा, कारण त्यानेही पीएम २.५ झपाट्याने वाढतं आणि चुलीची धग वेगळीच. केरसुणी आणि साधा व्हॅक्यूम बसलेले कण पुन्हा उडवतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसा.

कोणतं यंत्र बाहेरची हवा आत ओढतं?

यात फार लोक चुकतात. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, तेव्हा धुरात तो निर्धास्त चालवा. खिडकीच्या एसीला बाहेरची हवा घेणारी झडप असते, ती बंद आहे ना ते बघा आणि यंत्राच्या कडेच्या फटी बुजवा. चाकांवर फिरणारा, एकच पाइप खिडकीबाहेर सोडलेला पोर्टेबल एसी मात्र फसवा. तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच धुराची हवा घराच्या प्रत्येक फटीतून आत खेचली जाते. तो वापरावाच लागला तर शेजारी प्युरिफायर जोरात चालू हवा.

पाण्यावर चालणारा कूलर तर मुळातच बाहेरची हवा ओढून आत सोडतो. त्याच्या ओल्या जाळीतून धूळ थोडी अडते, धुराचे बारीक कण अडत नाहीत. दाट धुरात कूलर म्हणजे घरात धूर भरणारा पंखाच. खिडक्या बंद करून तो नुसता आत चालवला तर दमटपणा वाढतो आणि घाम वाळेनासा होतो. न्हाणीघराचा एक्झॉस्ट फॅनही गरजेपुरताच लावा, कारण तो जितकी हवा बाहेर काढतो तितकी कुठून तरी आत येतेच.

गाडीत असाल तर काचा वर आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू. लांबच्या प्रवासात मधूनमधून, धूर कमी असलेल्या ठिकाणी, मिनिटभर ताजी हवा घ्या. थांबलेल्या गाडीत कोणालाही बसवून ठेवू नका, मुलांना तर नाहीच.

आता खिडकीचा निर्णय

बाहेर धूर आहे, एसी नाही. खोलीतलं तापमान २६-२७ अंशांपर्यंत असेल तर काही विचार नको, खिडकी बंद. २८ ते ३१ च्या दरम्यान असेल तरी बहुतेकांनी खिडकी बंदच ठेवावी, पण अंग ओलं करून पंख्याखाली बसावं आणि वृद्ध, आजारी माणसांकडे लक्ष ठेवावं. ३१ च्या वर जाऊन तासन्‌तास तिथेच राहिलं, तर उष्णतेला प्राधान्य द्या. हा माझा एकटीचा हट्ट नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाची आरोग्य यंत्रणाही हेच सांगते, की बहुतेकांसाठी अति तापलेलं घर हे धुरापेक्षा मोठं संकट आहे. उष्णता काही तासांत माणूस मारू शकते.

अशा वेळी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ते घर काही तास सोडणं. वाचनालय, मोठं दुकान, नातेवाइकांचं घर, जिथे थंड आणि गाळलेली हवा असेल तिथे दुपार आणि संध्याकाळ काढा. दिवसातले दोन-तीन तास जरी शरीर थंड झालं तरी त्याला उसंत मिळते.

घर सोडणं शक्य नसेल तर खिडकी उघडा, पण वेळ निवडून. इथे निसर्ग आपल्या विरोधात असतो. पहाटेची हवा थंड असते, पण रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धुरालाही खाली दाबून धरतो, विशेषतः दऱ्याखोऱ्यांत. दुपारी तापलेली हवा वर उठते तेव्हा धूर बरेचदा विरतो, पण तेव्हा उष्णता असह्य असते. वाऱ्याची दिशा बदलली की हे सगळं गणित बदलतं, म्हणून ठरलेल्या वेळा पाळण्यात अर्थ नाही. दर तासाला दोन्ही आकडे बघा आणि बाहेर आतल्यापेक्षा थंड असताना धूर जेव्हा सर्वांत कमी असेल ती वेळ पकडा.

ती वेळ मिळाली की खिडकी किलकिली करून रात्रभर ठेवू नका. समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या सताड उघडा, पंख्याने आतली गरम हवा बाहेर फेका, अर्धा-पाऊण तास असं करून पुन्हा सगळं बंद करा आणि प्युरिफायर पूर्ण जोरात लावा. यामागचा विचार असा, की आत आलेले कण चांगला प्युरिफायर अर्ध्या-एक तासात बऱ्यापैकी काढतो, पण भिंतीत साठलेली उष्णता तो काढू शकत नाही. धूर आत घेऊन गाळता येतो. उष्णता गाळता येत नाही. मधल्या अर्ध्या तासापुरता मास्क लावा.

अंग थंड ठेवणं

खोली थंड होत नसेल तर माणूस थंड करा. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. खोली साधारण ३८ अंशांच्या आत असेल तोवर धडधाकट माणसाला त्याचा फायदा होतो. म्हातारपणी घाम कमी येतो, तेव्हा ही मर्यादा आणखी खाली येते. चाळिशीच्या वर गेलेल्या हवेत कोरड्या अंगावर पंखा म्हणजे भट्टीची झळ. म्हणून पंख्याइतकंच पाणी महत्त्वाचं: हात, मान, चेहरा, पाय वारंवार ओले करा, ओला सुती सदरा घाला, बादलीत पाय बुडवून बसा. थोड्या वीजेत, किंवा वीज नसतानाही, यापेक्षा प्रभावी उपाय नाही.

पाणी तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं प्या. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय. मात्र तासाला दीड लिटरच्या वर पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. बराच घाम गेला असेल तर जलसंजीवनी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं, त्यांनी ते आधीच पुन्हा विचारून घ्यावं.

औषधांबद्दलही उन्हाळ्याआधीच विचारा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची बरीच औषधं शरीराची थंड होण्याची ताकद कमी करतात. स्वतःच्या मनाने यातलं काहीही बंद करू नका. दम्याचा पंप आणि इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नका.

बाहेर जावंच लागलं तर

कापडी मास्क, रुमाल, ओला पंचा यांनी धुराचे बारीक कण अडत नाहीत. सर्जिकल मास्कच्या कडा मोकळ्या असतात. उपयोगाचा मास्क एन ९५ किंवा एफएफपी २. पण तो चेहऱ्याला चहूबाजूंनी चिकटला तरच. दाढी असेल तर हवा कडेने शिरते. लावल्यावर जोरात श्वास सोडून बघा, कडेने वारा जाणवला तर पट्ट्या आणि नाकावरची तार पुन्हा बसवा. तो वायू अडवत नाही, कार्बन मोनॉक्साइड तर नाहीच. आणि उन्हात त्याने श्वास घेणं जड जातं, म्हणून मास्क लावून कामाचा वेग तोच ठेवायचा, हे चालणार नाही.

जोरात काम करताना माणूस बसलेल्यापेक्षा कित्येक पट हवा आत घेतो, तेवढाच धूरही घेतो. व्यायाम त्या दिवसांत बंद. उन्हात राबणाऱ्यांनी नव्या उकाड्याची सवय एक-दोन आठवड्यांत हळूहळू करावी. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवावा. उष्णतेने कोसळणारे बरेच जण पहिल्या काही दिवसांतच कोसळतात.

उष्माघात ओळखा

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पेटके, दरदरून घाम ही आधीची पायरी. त्या माणसाला थंड जागी आडवं करा, पाय उंचावर ठेवा, अंग ओलं करून वारा घाला, जलसंजीवनी द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर डॉक्टर.

पण माणूस बरळू लागला, भलतंसलतं वागू लागला, तोल गेला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरीही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबून राहू नका, त्याच मिनिटाला थंड करायला लागा. टबात, पिंपात, न्हाणीघरात, जिथे जमेल तिथे गार पाण्यात मानेपर्यंत बुडवा आणि डोकं धरून ठेवा. तेवढं पाणी नसेल तर सतत पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावा. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊन उपयोग नाही, हा तो ताप नव्हे. आणि छातीत दुखणं, धाप न थांबणं, ओठ निळे पडणं याला 'धुरामुळे होतंय' म्हणून घरी थांबायचं नाही.

वीज गेली तर

उकाड्यात वीज जाणं शक्यतेतलंच आहे असं धरून चाला. बॅटरीचा पंखा, भारित पॉवरबँक, दोन-तीन बादल्या पाणी, आणि थंड जागी न्यायला कोण येईल त्याचा नंबर कागदावर. जनरेटर घरात, गॅलरीत किंवा खिडकीजवळ कधीही लावू नका. बंद केलेल्या घरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसं मारतो.

धूर ओसरल्यावर

हवा स्वच्छ झाली की लगेच सगळं घर तासभर उघडा. फिल्टर बघा, काळा-करडा पडला असेल तर बदला. राख कोरडी झाडू नका. ती हलकी ओली करून, हातमोजे आणि एन ९५ लावून उचला. राख आणि पाणी मिळून कातडी चुरचुरते. मुलांना त्यात खेळू देऊ नका.

एकटं राहणाऱ्यांसाठी

२९ जून २०२१ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावात ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते गाव आगीत जवळजवळ पूर्ण जळालं. जगाने ती आग बघितली. पण त्याच आठवड्यात त्या प्रांतात उष्णतेने ६१९ माणसं गेली आणि त्यांतली ९८ टक्के घराच्या चार भिंतींत. बहुतेक वयस्कर, निम्म्याहून अधिक एकटे राहणारे.

म्हणून ओळखीतल्या एकट्या माणसांची यादी आत्ताच करा आणि कोणाला कोण बघणार ते वाटून घ्या. दिवसातून दोनदा फोन, आणि संध्याकाळी एकदा प्रत्यक्ष जाणं, कारण घर तेव्हाच सर्वांत तापलेलं असतं. 'बरे आहात ना?' असं विचारू नका. म्हातारी माणसं 'हो' म्हणतात, आणि वयामुळे त्यांना उष्णता खरोखरच कमी जाणवते. विचारा, 'खोलीतल्या थर्मामीटरवर आत्ता किती दिसतंय?' आकडा ३१ च्या वर असेल किंवा तो वाचताना जीभ अडखळत असेल, तर फोन ठेवून तिकडे निघा.